सूर्य, बॉम्ब आणि अणुसंमीलनाचे लेखन

अणुसंमीलनाविषयी वर्तमानपत्रांत व मासिकांत जे छापून येते, ते आम्ही गेली अनेक वर्षे जमेल तसे वाचत आलो आहोत. आमच्या बडोद्यात ते मराठीबरोबर गुजराती व हिंदीतूनही हाती येते. भाषा तीन असल्या, तरी लेख मात्र दोनच प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात आरंभीच सूर्य उगवतो. शास्त्रज्ञ पृथ्वीवर 'कृत्रिम सूर्य' घडवीत आहेत, समुद्राच्या पाण्यातून मानवजातीला अक्षय ऊर्जा मिळणार आहे आणि तिला प्रदूषणाचा लवलेशही नसणार आहे. दुसऱ्या प्रकारात हायड्रोजन बॉम्ब असतो. ज्या क्रियेने प्रवाळबेटे नकाशावरून पुसली गेली, तीच आता वस्तीजवळच्या कारखान्यात कोंडण्याचा हा उद्योग आहे, असे तो सांगतो. एक लेख वाचून माणूस हरखतो, दुसरा वाचून दचकतो; दोन्ही वाचणाऱ्याच्या पदरी मात्र फारसे काही पडत नाही.

विषय पदार्थविज्ञानाचा, साहित्यमंडळाच्या पत्रिकेत त्याची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, या लेखनात पदार्थविज्ञान थोडे आणि अलंकार फार असतात, आणि अलंकारांची झडती घेणे हे तर आपलेच काम. शिवाय विषय परका नाही. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे संमीलनाच्या अभ्यासाचे यंत्र १९८९ मध्ये सुरू झाले. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'ईटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सामील झाला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. त्यांचा जन्म निमाडातल्या बडवानीचा. त्या यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे ३,८०० टनांचे पोलादी निर्वातपात्र सुरतेजवळच्या हजिऱ्यात तुकड्या-तुकड्यांनी घडले आणि जहाजाने फ्रान्सला गेले. तेव्हा या विषयावर काय लिहिले जाते याची विचारपूस आपण केली, तर त्यात आगंतुकपणा नाही.

प्रथम शब्दच पाहू. जड अणुकेंद्र फुटण्याच्या क्रियेला १९३९ मध्ये ऑटो फ्रिश यांनी जे नाव दिले, ते जीवशास्त्रातून, पेशीच्या विभाजनाच्या परिभाषेतून उचललेले होते. म्हणजे वाढीच्या, जिवंतपणाच्या प्रांतातून. मराठीत त्याचे 'विखंडन' झाले आणि त्यात तुकडे पडल्याचा आवाज आला. उलट दोन हलकी केंद्रके जुळण्याच्या क्रियेला आपण 'संमीलन' म्हटले. (हिंदीत 'संलयन' म्हणतात, त्यात विरघळून जाण्याची छटा आहे.) या शब्दाला मीलनाचा, जवळजवळ मंगलकार्याचा सुगंध आहे, परंतु माणसाने घडविलेले सर्वांत मोठे स्फोट याच क्रियेच्या आधाराने झाले. शब्दाने एकीला आधीच खलनायिका आणि दुसरीला नायिका ठरविले असेल, तर लेखकाने निदान तेवढे तरी ओळखून असावे.

'अणू' या शब्दाची कथा आणखी वेगळी. रुग्णालयातील ज्या तपासणीला आपण एम. आर. आय. म्हणतो, तिच्या मूळ शास्त्रीय नावात 'न्यूक्लियर' हा शब्द होता; रोगी बिचकतील म्हणून तो गाळला गेला. 'ईटर' हेही मूळचे आद्याक्षरांचे नाव. त्यात 'थर्मोन्यूक्लियर' आणि 'एक्सपेरिमेंटल' हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसले होते. ते लोकांना भिववतील म्हणून पूर्ण नाव मागे पडले आणि लॅटिन भाषेत 'वाट' असा अर्थ होतो, एवढेच पुढे राहिले. ही चतुराई आम्हांस रुचत नाही. ज्या पाहुण्याचे आडनाव सांगण्यास यजमान कचरतो, त्याच्याविषयी आळीत जास्तच कुजबुज होते.

आता 'कृत्रिम सूर्य'. चीनमधील हफेई येथील यंत्राच्या संदर्भात तो शब्दप्रयोग विशेष रूढ झाला आणि आता तो कोणत्याही यंत्राला लावतात. जानेवारी २०२२ मध्ये मोबाइलवर एक चित्रफीत हातोहात फिरली. समुद्रकिनाऱ्यावर जमलेली माणसे, आणि आकाशात चढत जाणारा एक प्रखर गोळा. हाच तो चीनचा सूर्य, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात ते हाईनान बेटावरून झालेले अग्निबाणाचे उड्डाण होते. रूपक इतके रुजले होते की लोकांना ते डोळ्यांनी दिसू लागले. एखाद्या कवीला हेवा वाटावा असे हे यश. मात्र विज्ञानलेखकाने त्यावर खूश होऊ नये.

कारण रूपक मुळातच चुकीचे आहे. सूर्य हा ऊर्जा निर्माण करण्याच्या कामात फार मंद आहे. त्याच्या अगदी गाभ्यातल्या एका घनमीटरातून जेमतेम पावणेतीनशे वॉट उष्णता निघते. आकारमानाच्या हिशेबाने पाहिले, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर त्याच्या चौपट-पाचपट उष्णता देत असते. सूर्य तेजस्वी आहे तो प्रचंड आहे म्हणून. कारखान्यात त्याची हुबेहूब नक्कल केली, तर त्या घनमीटरभर सूर्यावर चहाला आधण येण्यासही बराच वेळ लागेल. म्हणून शास्त्रज्ञ त्याची नक्कल करीतच नाहीत. सूर्यात साध्या हायड्रोजनची केंद्रके जुळतात. येथे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे घेतात. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश, तर ईटरला हवे आहे पंधरा कोटी. सूर्य आपल्या वजनाने ते दडपून धरतो. येथे ती तप्त वायुरूप द्रव्यावस्था, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या अदृश्य पिंजऱ्यात तरंगत ठेवावी लागते. माणसाने सूर्याहून वेगळे आणि त्याहून अवघड असे काही आरंभिले आहे, हे वाक्य 'कृत्रिम सूर्या'पेक्षा अधिक विस्मयकारक नव्हे काय? पण ते लिहायला थोडी मेहनत पडते.

भविष्यवाण्यांचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी सप्टेंबर १९५४ मध्ये सांगितले की, पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावण्याची गरज उरणार नाही. त्यांच्या मनात तेव्हा गुप्तपणे चाललेले संमीलनाचे संशोधन होते, असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. आम्हांस लक्षणीय वाटते ती सभा: ते भाषण विज्ञानलेखकांच्या संघटनेपुढे झाले होते. पुढच्याच वर्षी जिनिव्हा येथील अणुशक्ती परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी, वीस वर्षांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत केले. त्यांचे ते धाडस आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या गोष्टीविषयी मोठी राष्ट्रे तोंड मिटून बसली होती, ती एका नवस्वतंत्र देशाच्या शास्त्रज्ञाने भर सभेत उच्चारली, याचे मोल मोठे आहे. पण वीस वर्षे १९७५ मध्ये संपली, आणि त्यानंतरही लेखकांनी तो आकडा पुनःपुन्हा उचलून नव्या तारखेने छापला, हा दोष भाभांचा नव्हे.

या इतिहासातले एक प्रकरण तपशिलाने सांगण्याजोगे आहे. इंग्लंडात हार्वेल येथे 'झीटा' नावाचे यंत्र १९५७ मध्ये सुरू झाले. त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडताना दिसले. जानेवारी १९५८ मध्ये संस्थेचे प्रमुख जॉन कॉकक्रॉफ्ट वार्ताहरांपुढे आले. हे न्यूट्रॉन खरोखर तप्त संमीलनाचेच आहेत का, या प्रश्नावर आपली नव्वद टक्के खात्री आहे, असे ते म्हणाले. रशियाचा स्पुटनिक आकाशात जाऊन चारच महिने झालेले. देशाला काहीतरी अभिमानास्पद हवे होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत उरलेले दहा टक्के कोणाच्याच नजरेस पडले नाहीत. मे महिन्यात खुलासा आला: न्यूट्रॉन खरे होते, परंतु ते तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते. त्या दिवसापासून संमीलनाला जो हास्यास्पदतेचा डाग लागला, तो अजून पुरता निघालेला नाही.

मात्र याच कथेचा उत्तरार्ध क्वचितच कोणी लिहितो. दहा वर्षांनी मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या 'टोकामाक' या यंत्रात पूर्वीच्या कित्येक पट तापमान मिळाल्याचा दावा केला. कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा रशियन प्रमुख लेव्ह आर्त्सिमोविच यांनी इंग्रजांनाच बोलावले: तुमची मोजण्याची लेसर-उपकरणे घेऊन या आणि आमच्या यंत्राचा ताप तुम्हीच मोजा. शीतयुद्ध ऐन भरात असताना कलहॅमचे इंग्रज शास्त्रज्ञ आपली अवजड उपकरणे घेऊन मॉस्कोस गेले, आणि १९६९ मध्ये त्यांनी रशियनांचा दावा खरा असल्याचे जाहीर केले. जगातल्या प्रयोगशाळा टोकामाकाकडे वळल्या त्या त्यानंतर. आपला 'आदित्य' त्याच वंशातला. ज्यांना चूक शोधण्यात स्वारस्य होते, त्यांच्या हाती मोजपट्टी दिली गेली. आम्हांस हा प्रसंग कोणत्याही 'सूर्योदया'पेक्षा मोठा वाटतो.

मोजपट्टीचा विषय निघालाच आहे, तर अलीकडच्या यशांकडे पाहू. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी इंधनाच्या इवल्या गोळीवर लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली, आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. घातल्यापेक्षा जास्त मिळाले, ही बातमी जगभर झाली आणि ती खरी होती. परंतु तो लेसर चालविण्यासाठी वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. एक पायली बी पेरले, दीड पायली पीक आले. पण मशागतीत दीडशे पायल्या गेल्या, असा तो हिशेब. घरच्या वीजबिलाच्या भाषेत ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटसुद्धा भरत नाही. इंग्लंडातील 'जेट' या यंत्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच सेकंदांहून थोड्या अधिक काळात ६९ मेगाज्यूल दिले. ते सुमारे १९ युनिट झाले, तेही उष्णतेच्या रूपात, आणि त्यासाठी इंधन लागले ०.२ मिलिग्रॅम. शेवटचा आकडा वाचून थक्क व्हावे, पहिले वाचून सबुरी धरावी. उत्तम लेखात दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात यावेत, अशी आमची साधी अपेक्षा आहे.

आता भीतीकडे वळू. तिची टिंगल करणारे लेखन आम्हांस आशेच्या अतिरेकापेक्षाही अप्रिय आहे. या भीतीचे मूळ मूर्खपणात नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर जो हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची शक्ती तज्ज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट निघाली. ज्या लिथियमला ते निष्क्रिय समजत होते, तेही स्फोटात सामील झाले. धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मच्छीमार नौकेवरील २३ खलाशांवर किरणोत्सारी राख पडली आणि त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. तज्ज्ञांचा हिशेब चुकतो आणि त्याची किंमत समुद्रावर पोटासाठी गेलेला माणूस देतो, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. त्यांनी ती विसरावी तरी का?

तरीही विजेसाठीचे संमीलनयंत्र बॉम्बसारखे फुटू शकत नाही, आणि याचे कारण कोणाही वाचकाला समजावून सांगता येते. बॉम्बमध्ये आधी एक अणुबॉम्ब फुटतो आणि त्याच्या दाबाने पुढचे इंधन पेटते. टोकामाकात असा काही पलीता नसतो. अवाढव्य पात्रात एका वेळी काही ग्रॅमच इंधन असते, तेही हवेपेक्षा कितीतरी विरळ. चुंबकांची पकड जरा ढळली, नळीतून हवा शिरली, की प्लाझ्मा क्षणात विझतो. चुलीत ओली लाकडे घालून फुंकणीने विस्तव राखणाऱ्या बाईला आग भडकण्यापेक्षा ती विझण्याचीच धास्ती असते; या शास्त्रज्ञांची अवस्था तशी आहे.

मग बिघडते ते काय? जिनिव्हाजवळचा महाकाय कणत्वरक १० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाला, तेव्हा आपल्याकडच्या काही हिंदी वृत्तवाहिन्यांनी पृथ्वी कृष्णविवरात गडप होणार म्हणून रान उठविले होते. पृथ्वी राहिली. नऊ दिवसांनी तेथील दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड निकामी झाला, टनावारी हेलियम सुटला, आणि ते यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद पडले. संमीलनाच्या यंत्रांतही त्याच जातीचे अतिशीत चुंबक असतात. भाटच्या 'एस.एस.टी.-१' या दुसऱ्या यंत्राला १९९४ मध्ये मंजुरी मिळाली. पण गळत्या व जोडांच्या अडचणींमुळे जुळणी उकलून पुन्हा करावी लागली, आणि पहिला प्लाझ्मा दिसण्यास जून २०१३ उजाडले. ईटरच्या निर्वातपात्राच्या भागांत वेल्डिंगच्या कडा मापात बसत नाहीत आणि शीतनळ्यांना गंजून चिरा गेल्या आहेत, असे २०२२ मध्ये उघड झाले. त्यानंतर २०२४ मध्ये नवे वेळापत्रक आले. प्लाझ्माचे पहिले संशोधन २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे इंधन २०३९ मध्ये. खर्चात आणखी सुमारे पाच अब्ज युरोंची भर. ते यंत्र ५० मेगावॉट उष्णता घेऊन ५०० मेगावॉट देणार आहे, पण वीज त्यातूनही निघणार नाही, कारण ते प्रयोगापुरतेच आहे. ज्या लेखांत कृष्णविवरे आणि बॉम्ब भरपूर सापडतात, त्यांत वेल्डिंग करणारा कारागीर कोठेच भेटत नाही. या विद्येचे भवितव्य मात्र बरेचसे त्याच्या हातात आहे.

भिण्याजोगे, निदान विचारण्याजोगे, असे काही उरते काय? उरते. संमीलनातून निघणारे वेगवान न्यूट्रॉन सभोवतालच्या पोलादाला किरणोत्सारी करतात. विखंडनाच्या राखेसारखा हा हजारो वर्षांचा वारसा नव्हे, पण तो साधारण शंभर वर्षे सांभाळावा लागेल. म्हणून 'कचरा मुळीच नाही' हे विधान असत्य आहे. तेच न्यूट्रॉन युरेनियमवर पाडले, तर शस्त्राच्या कामाचे प्लुटोनियम बनविता येते. तेव्हा तपासनिसांची गरज राहीलच. आणि ज्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या यशाने सारे हरखले, तिच्या त्या लेसरचे मुख्य प्रयोजन वीज नाही. प्रत्यक्ष चाचणी न करता अमेरिकेची अण्वस्त्रे जोखता यावीत, यासाठी तो उभारलेला आहे. भीतीच्या लेखांना बॉम्ब हवाच होता, तर तो येथे होता; त्यांनी तो भलत्याच ठिकाणी शोधला.

गुजरातेत राहणाऱ्यांना याहूनही जवळचा एक अनुभव आहे. काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीत ११ मार्च २०१६ रोजी शीतकाची नळी गळून भट्टी बंद करावी लागली. फुकुशिमाच्या दुर्घटनेला त्याच दिवशी बरोबर पाच वर्षे होत होती. किरणोत्साराची बाधा कोणाला झाली नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले, आणि ते खरे नव्हते असे मानण्यास आमच्यापाशी काही आधार नाही. पण त्या दिवसांत सुरत-बडोद्याकडे लोक एकमेकांना विचारीत होते ते हे की, खरे असते तर एवढ्या त्रोटक शब्दांत का सांगितले असते? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याचा अधिकार सरकारला दिला होता आणि कित्येक दशके तो मुक्तहस्ते वापरला गेला. जैतापुरातही लोकांच्या तक्रारींत किरणांइतकाच हा मौनाचा भाग होता. उद्या संमीलनाचे केंद्र कोठे निघाले, तर त्या मौनाची परतफेड त्यालाही करावी लागेल. मॉस्कोने इंग्रजांना बोलावून मोजपट्टी हाती दिली होती. गावकऱ्यांच्या हाती ती कोण देणार, हा प्रश्न कोणत्याही लेखात आला, तर आम्ही तो लेख कापून ठेवू.

आता राहिले समुद्राचे पाणी. ड्यूटेरियम समुद्रात विपुल आहे, हे खरे. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाहीच. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे, म्हणजे साठवून ठेवलेला साठाही दरवर्षी पाच टक्क्यांहून अधिक आपोआप झिजतो. एक हजार मेगावॉट संमीलनशक्तीचे यंत्र वर्षभर अखंड चालले, तर त्याला सुमारे ५५ किलोग्रॅम ट्रिटियम लागेल. जगातला नागरी वापराचा साठा पंचवीस-तीस किलोग्रॅमच्या घरातला. म्हणून यंत्राने स्वतःच, लिथियमवर न्यूट्रॉन पाडून, जाळलेल्यापेक्षा थोडे अधिक ट्रिटियम रोजच्या रोज निपजविले पाहिजे. दुभत्या जनावराने आपल्या वैरणीचे शेतही स्वतःच पिकवावे, अशातला हा प्रकार. आणि पूर्ण प्रमाणावर तो अजून कोठेही करून दाखविला गेलेला नाही. खासगी कंपन्यांपैकी एकीने २०२८ पासून वीज पुरविण्याचा करार २०२३ मध्येच करून टाकला आहे. त्या बातमीतही ट्रिटियमचे काय, याचा उल्लेख आम्हांस आढळला नाही. (ती कंपनी ड्यूटेरियम आणि हेलियम-३ असे निराळे इंधन वापरू पाहते, म्हणून हा प्रश्न तिने वळसा घालून चुकविला असे म्हणता येईल, पण हेलियम-३ तरी कोठल्या विहिरीत सापडते?)

तोवर जो साठा आहे तो येतो कोठून? जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून, मुख्यतः कॅनडातल्या. विखंडनाची ती जुनी, लोकांच्या रोषाला पात्र झालेली भट्टी चालू असताना तिच्या जड पाण्यात ट्रिटियम साचत जाते, आणि ते गाळून काढून संमीलनाच्या प्रयोगांना पुरविले जाते. काकरापारच्या चारही भट्ट्या त्याच जातीच्या आहेत. विखंडनाला विटाळ मानून संमीलनाच्या स्वागताला सूर्याची आरती घेऊन उभ्या राहिलेल्या एकाही लेखात हे आम्ही अजून वाचलेले नाही.